कव्हरावरची बाई

पुणे, ९ जानेवारी २०२४

चि. वनमालेस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? मी तुझा मावसभाऊ, उत्तरेश्वर. तुझा दिंद्रुडचा पत्ता परळीच्या बजरंगने दिला. फोन नंबरही देत होता, पण फोनवरचं मला आता धड ऐकू येत नाही. जन्मभर कानांवर पोट भरलं आणि कानांनीच आधी रजा घेतली. म्हणून पत्र.

बातमी आनंदाची आहे. मी सिनेमाला संगीत दिलं ते तुला ठाऊकच आहे. मारामारीची आणि क्लबातल्या नाचांची चित्रं, आज त्यांचं कोणी नावही काढत नाही. पण त्याच काळात मी स्वतःच्या हौसेने जॅझच्या तीन रेकॉर्डी केल्या होत्या. शब्द नाहीत, गायक नाही, नुसती वाद्यं. सॅक्सोफोन, व्हायब्राफोन आणि ड्रमवर काठीऐवजी ब्रश. मूड रेकॉर्डी म्हणायचे त्यांना. पाहुणे गेल्यावर दिवे मंद करून ऐकायच्या. तेव्हा त्या कोणी घेतल्या नाहीत. आता मुंबईची एक कंपनी त्या तशाच मोठ्या काळ्या तबकड्यांवर पुन्हा काढते आहे. परदेशातूनसुद्धा मागणी आहे.

पहिल्या रेकॉर्डचं नाव ‘मेहमान जा चुके’. तिच्या कव्हरावर तू आहेस. मोकळे केस, निळा गाऊन, हातात ग्लास. आजची मुलं त्या कव्हरावर जीव टाकतात. ही बाई कोण, यावर इंटरनेटवर वाद चालतात म्हणे.

कंपनीच्या वकिलाचं म्हणणं असं की ती बाई हयात असेल तर तिची लेखी परवानगी हवी. कागद सोबत आहे. खाली सही करून पाठवून दे. मार्चअखेर मुंबईत समारंभ आहे, तिथे तुझाही सत्कार करू.

तुझे यजमान शहादेवराव गेल्याचं कळलं होतं. तेव्हा येणं जमलं नाही.

तुझा,
उत्तरदादा

•

दिंद्रुड, १८ जानेवारी

ति. उत्तरदादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र माझ्या लेकाच्या, रामेश्वरच्या हाती पडलं. त्यानं इचारलं, पुण्याला आपलं कोण हाय? मी म्हणलं, हायेत एक पाहुणे.

आमी बरे आहोत. रामेश्वरचं तेलगाव रोडला खताचं दुकान हाय. नात करिष्मा अंबाजोगाईला शिकती. औंदा हरभरा चांगला हाय.

फोटोचं म्हणाल तर माझ्या काई नीट ध्यानात न्हाई. वय झालं. ते कव्हर पाठवता का? बघितल्याबिगर सही कशी करावी. आन एक इचारते, राग मानू नका. माझी सही न्हाईच झाली तर काय व्हतं?

आपली,
वनमाला

•

पुणे, २७ जानेवारी

चि. वनमालेस,
आशीर्वाद.

कव्हर पाठवतो आहे. बघ, किती सुंदर दिसायचीस. त्या दिवशी किती हसत होतीस, मला अजून आठवतं.

तुझी सही नाही झाली तर सगळंच अडेल. परदेशी लोक परवानगीशिवाय माल उचलणार नाहीत आणि पहिली रेकॉर्ड निघाली नाही तर पुढच्या दोन कंपनी कशाला काढेल? कव्हरं छापून तयार आहेत. पेपरवाल्यांना आमंत्रणं गेली आहेत. माझं वय चौऱ्याऐंशी. ज्या कामावर माझं खरं प्रेम होतं, त्याबद्दल मला पहिल्यांदा कोणी विचारतं आहे आणि पुन्हा कोणी विचारणार नाही. तुझ्या एका सहीवर माझं सगळं थांबलं आहे असं समज.

तेव्हा बंकटकाकांचा, तुझ्या आण्णांचा, थोडा गैरसमज झाला होता हे मला माहीत आहे. मी त्यांना समजावून सांगितलं होतं. पण ते सगळं केव्हाच मागे पडलं. आता आपण दोघंच उरलो.

तुझा,
उत्तरदादा

•

दिंद्रुड, ८ फेब्रुवारी

ति. उत्तरदादांस,

कव्हर मिळालं. फोटो मी इसरले नव्हते. तुमाला गरज किती हाय तेवढं कळून घ्यायचं व्हतं. ते तुमीच लिहून कळवलं.

तुमाला ठावं न्हाई असं धरून सांगते. आई डोळ्याच्या आपरेशनसाठी मुंबईच्या दवाखान्यात व्हती आन मी तुमच्या भरवशावर. तुमी म्हणलात, चल, घरी पाठवायला एक फोटो काढू. फोटोवाल्याच्या बायकोचा गाऊन घालायला दिला. ग्लासात कोकमाचं सरबत व्हतं. मी हसत व्हते हे खरं हाय. भावासंगं हाय म्हणून हसत व्हते.

त्या साली माझी सोयरीक आपल्या तेलगावातल्याच सुंदररावांसंगं ठरलती. कुंकू लागलं व्हतं. ते औरंगाबादला कॉलेजात शिकायचे. तिथं एका दुकानाच्या काचंत त्यांना मी दिसले. रेकॉर्ड घिऊनच गावात आले. त्यांच्या वडलांनी ती आमच्या आण्णांच्या म्होरं टाकली आन सोयरीक मोडली. मग पानाच्या टपरीवाल्यानं बी कुठून तरी एक कव्हर आणलं आन भिंतीला ठोकलं. बाप्ये पान खायला जायचे आन माझ्याकडं बघत चघळायचे.

दादा, तेवढ्यावर बी मी उभी राह्यले असते. पण आण्णा तुमाला इचारायला मुंबईला गेलते. परत आले, पायातलं बी काढलं न्हाई, आन आईला म्हणाले, “उत्तऱ्या सांगतो, तिनंच हट्ट धरला. सिनेमात काम पायजे म्हणत व्हती. तो न्हाई न्हाई म्हणत व्हता.” मी दाराआड उभी. त्या दिसापासून आण्णा मरंपर्यंत माझ्यासंगं बोलले न्हाईत. मी वाढलेलं ताट हातानं सारायचे. आईनं दुसरं वाढलं की जेवायचे.

मग मला दिंद्रुडच्या बिजवराला दिली. बागायतदाराची लेक मी, दर दिवाळीला कोयता घिऊन टोळीसंगं ऊस तोडायला गेले. शहादेवरावांना मी नाव ठेवणार न्हाई. लग्नाआधी त्यांनी टपरीवरचं ते कव्हर उपटून आणलतं. मला त्यांनी कधी सांगितलं बी न्हाई, दुसऱ्यांकडून कळलं. असा माणूस मिळाला हे माझं नशीब. त्यात तुमचं काई न्हाई.

आता सहीचं. मी सही करते. तुमी तेलगावला या. सुंदररावांच्या दारात गावातली माणसं बसवा आन सांगा. आण्णांना तुमी काय सांगितलतं आन खरं काय व्हतं. दोन्ही सांगा. सांगून झालं की त्याच जागी मी सही करते.

वनमाला

•

पुणे, १९ फेब्रुवारी

वनमाला,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी कारण सांगतो, ते तुला पटो न पटो. माझी आई तेव्हा तुमच्याच घरात राहत होती. रुक्मिणीबाईला दुसरीकडे कोण विचारणार होतं? नवरा नाही, शेत नाही, मी मुंबईत दुसऱ्याच्या खोलीत पथारी टाकणारा. काका समोर उभे राहिले, हातात ती रेकॉर्ड, आणि मला आईच दिसली. खरं बोललो तर ती त्याच दिवशी रस्त्यावर येणार. तू पोटची मुलगी. तुझ्यावर चार दिवस रागावतील आणि विसरतील असं मला वाटलं. काका इतके दिवस धरून बसतील हे माझ्या मनातही आलं नाही.

मला प्रवास झेपत नाही. मी हे सगळं लिहून देतो, तू कोणालाही वाचून दाखव. रेकॉर्डसोबत छापील पुस्तिका आहे, तिच्यात तुझे आभार मानतो. हे चालणार नाही का?

नाहीच चालणार. मला तू लहानपणापासून माहीत आहेस.

येतो. ३ मार्चला, रविवारी. कंपनीची वैष्णवी नावाची मुलगी गाडी घेऊन येईल. सुंदररावांचे चिरंजीव शिवशंकर तिकडचे पुढारी आहेत, त्यांच्याशी तिचं बोलणं झालं. सगळी व्यवस्था माझ्याकडे लागली म्हणाले.

उत्तरेश्वर

•

पुणे, ६ मार्च

चि. वनमालेस,
अनेक आशीर्वाद.

काय दिवस होता! मी गाडीतून उतरलो. वाटलं होतं, लोक अंगावर येतील. समोर बघतो तर मंडप, हलगी, आणि माझ्या फोटोचा केवढा मोठा बॅनर. ‘तेलगावचे सुपुत्र’! ज्या गावात माझी आई दुसऱ्याच्या चुलीवर राबली, त्या गावाने मला सुपुत्र म्हणावं!

मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि बोलतच राहिलो. मनावरचं ओझं उतरवून ठेवलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या. शिवशंकर म्हणाले, “एवढ्या मोठ्या माणसानं या वयात चूक कबूल करायची म्हणजे काळीज लागतं.” मग फेटा, शाल, श्रीफळ. सुंदररावांना दोघांनी धरून स्टेजवर आणलं. त्यांनी मला मिठी मारली. आम्ही दोघे लहान मुलांसारखे रडलो. पेपरात फोटो आला आहे, कात्रण सोबत ठेवतो.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. तू बोलावलं नसतंस तर मी हे ओझं घेऊनच गेलो असतो. नंतर तुला शोधलं, पण वैष्णवी म्हणाली, तू केव्हाच निघून गेलीस. उन्हाची दगदग झाली असेल. कागद आता पोस्टाने पाठवलास तरी चालेल. फक्त उशीर करू नकोस, समारंभ जवळ आला.

तुझा,
उत्तरदादा

•

दिंद्रुड, १४ मार्च

उत्तरेश्वर,

मला उन्हाची दगदग व्हत न्हाई. उन्हात मी ऊस तोडलाय.

मी पाठीमागं बायांत बसलते, भोंग्याच्या खाली. सगळं नीट ऐकू आलं. तू उभा राह्यलास. आधी सिनेमाचं सांगितलंस. मग मुंबईत उपाशी कसा राह्यलास ते. मग रुक्मिणीमावशीचे हाल. लई येळानं म्हणलास, “माझ्या हातून एका भोळ्या बहिणीवर अन्याय झाला.” बाया रडायला लागल्या. माझ्या शेजारची छबुबाई मला कोपरानं ढोसून इचारती, “कोण गं ती बहीण?”

मी म्हणलं, “असंल कुणीतरी.”

तू माझं नाव घेतलं न्हाईस. आन ‘तिनंच हट्ट धरला’ हे तू बोललास का? आण्णांना जे सांगितलंस ते त्या मंडपात कुणाला कळलं का? न्हाई. मी दोन्ही सांगायला लावलतं. तू एक बी सांगितलं न्हाईस. अन्याय झाला म्हणे. कसला झाला, कुणी केला, ते गाळलंस आन नुसतं रडून दाखवलंस.

आन वरून शाल.

मला वाटलतं, या गावात तुझी मान खाली गेलेली मला एकदा बघायची. साठीपर्यंत मी त्याच्यावर जगले, खोटं कशाला बोलू. उसाच्या फडात कोयता मारताना मी तुझं नाव घ्यायचे. पण तू खाली मान घातलीस ती बी फेटा बांधून घ्यायला. आन सुंदरराव तुझ्या गळ्यात पडून रडले. ज्यानं बदनाम केलं तो आन ज्यानं सोयरीक मोडली तो, दोघं एकमेकाला माफ करून मोकळे झालात. स्टेजवर तिसरी खुर्ची सुद्धा न्हवती. मी उठून गेटाबाहेर आले, येष्टीत बसले, घरी आले. मला कुणी थांबवलं न्हाई. ती वैष्णवी तेवढी पळत आलती. “आजी, त्या तुम्हीच ना?” म्हणली. सगळ्या गावात तिनंच इचारलं.

सही करणार न्हाई. कागद फाडला. ‘शब्द दिलतास’ म्हणशील. दिलता. आता मोडला.

वनमाला

•

पुणे, २२ मार्च

वनमाला,

कावून? हो, मीही तुझ्याच भाषेत विचारतो. कावून केलंस हे?

एवढ्या लांब आलो. घसा बसेपर्यंत बोललो. परत आल्यापासून अंथरुणाला खिळलो आहे. एक वाक्य राहिलं असेल. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस शेकडो लोकांपुढे बोलताना एक वाक्य विसरतो, आणि तू त्यासाठी माझं आयुष्य पणाला लावतेस? मी तुझी बदनामी केली ती नकळत. तू माझं वाटोळं करते आहेस ते विचार करून, थंड डोक्याने.

समारंभ पुढे ढकलला. आणि त्या वैष्णवीने कंपनीला काय सांगितलं देव जाणे, आता ते म्हणतात, कव्हर कोरं ठेवू. नुसता पांढरा पुठ्ठा! मी साफ नाही म्हटलं. लोक ती रेकॉर्ड त्या कव्हरासाठी घेतात गं. मला माहीत आहे. पन्नास वर्षांपूर्वीही तेच होतं. कव्हर बघून हातात घ्यायचे, मागे वाचायचे आणि ठेवून द्यायचे.

तुला सूड घ्यायचा तर माझ्यावर घे. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पेद्रूवर का? गोव्याचा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवलं, स्वतःचं असं एवढं एकच मागे ठेवून गेला. त्याने तुझं काय केलं होतं? एवढी वर्षं शिव्या घातल्यास, पण त्या रेकॉर्डवर काय आहे ते एकदा तरी ऐकलंस का?

उत्तरेश्वर

•

दिंद्रुड, ५ एप्रिल

उत्तरेश्वर,

न्हाई ऐकलं व्हतं. आमच्या घरी कुठला आलाय रेकॉर्डीचा बाजा? आन असता तरी मी हात लावला नसता. तू म्हणलास म्हणून ऐकलं.

करिष्मा आलती. वैष्णवीनं तिच्या मोबाईलवर ते पाठवून दिलं. दुपारी ओसरीत बसून दोन्ही बाजू ऐकल्या. मला वाटलतं, दारू पिऊन घातलेला धिंगाणा असंल. तसल्या कव्हराच्या आत दुसरं काय असणार? तसलं काई न्हाई त्यात. फड तोडून झाला, उसाचं वाळलं पाचट पेटवून दिलं, जाळ विझला, की टोळीतलं कुणी बोलत न्हाई. आंग ठणकत असतं आन वारं गार लागतं. तसं हाय ते. तुझा पेद्रू लई हळू वाजवतो. मधीच थांबतो, आन आता पुढं जाईल का न्हाई असं वाटतं, तवर जातो.

करिष्मा म्हणली, “आजी, रडतीस का?”

मी म्हणलं, “न्हाई, राग आलाय.”

वाईट असतं तर बरं झालं असतं. मग मी म्हणले असते, नाच-तमाशातला माणूस, त्याला काय कळतंय. पण तुला कळत व्हतं. एवढं चांगलं तुझ्या हातून झालतं, तर त्याच्यावर माझं तोंड कशाला लागत व्हतं? तुझ्या वाजवण्यावर तुझाच भरवसा नव्हता. तेवढ्यासाठी मी गेले, माझे आण्णा गेले. आन आज चौऱ्याऐंशी वर्षांचा झालास तरी तेच. लोक कव्हरासाठी घेतात म्हणे. पेद्रूची कणव तुला हाय असं लिहितोस आन कोऱ्या कव्हरात त्याला बाहेर येऊ देत न्हाईस. त्याला मी अडवला का तू?

मी वैष्णवीला कळवलंय. रेकॉर्ड काढायला माझी काई हरकत न्हाई. कव्हर कोरं. पांढरंच ठेवा म्हणलं. माझं नाव न्हाई, आभार न्हाई, कुण्या बहिणीचा उल्लेख न्हाई. ती म्हणली, कंपनीला चालतंय, तिन्ही रेकॉर्डी निघतील. जुने कागद तिनं वाचलेत. म्हणली, त्या वाजवण्याचे हक्क कंपनीकडंच हायेत, तुझ्या न्हाई म्हणण्यानं काई थांबत न्हाई.

तर आता मुंबईत तुझा समारंभ व्हईल. पेपरवाले येतील. ती पोरं येतील, जी माझ्या फोटोवर वाद घालतात. त्यांच्या हातात कोरं कव्हर पडंल आन पयला सवाल ते तुलाच इचारतील, कव्हरावरची बाई कुठं गेली? तू रडून बघशील. पण तिथं शिवशंकर न्हाई आन सुंदररावांचा गळा बी न्हाई. ते पुन्हा इचारतील. जिथं जाशील तिथं इचारतील. जितके दिस तुझी रेकॉर्ड वाजंल तितके दिस इचारतील. कमी वाजावी असं तुलाच वाटायला लागंल.

काय सांगायचं ते तुझं तू ठरव. खरं सांगितलंस तर मी गप. खोटं सांगितलंस तर वैष्णवी मला कळवणार हाय, आन मी अजून जित्ती हाय. त्या दिवशी मी मुंबईला यीन. मागं बायांत बसायला न्हाई येणार.

वनमाला